दिस कलल्याची हाक

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. हसलात ना? हसा, हसा. डबा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे लाडवांचा नाहीतर चिवड्याचा डबा येतो, त्याला माझा नाइलाज आहे. माझ्या पोटात लाडू नाहीत. तळहाताएवढा एक संगणकाचा बोर्ड आहे, नखाएवढं एक मेमरी कार्ड आहे, आपलं आपण चालणारं एक छोटं घड्याळ आहे आणि आवाज मोठा करणारा एक ॲम्प्लिफायर आहे. पाठीतून निघालेली वायर वर गच्चीवरच्या कर्ण्याला जाते. पुढच्या बाजूला एक लाल दिवा आहे. बाहेरून मात्र मी साधी पत्र्याची पेटी, विजेच्या मीटरला असते तसली. रंग उडालेला, एक कोपरा चेपलेला. चेपला कसा, ते पुढे सांगतो.

वारणेकाठच्या एका गावात जैन मंदिराच्या भिंतीवर माझं बिऱ्हाड आहे. या मंदिराला आमच्याकडे बस्ती म्हणतात. माझं काम एकच. रोज दिवस मावळायच्या आधी गावाला हाक द्यायची.

जैन घरांतून दिवस मावळल्यावर जेवत नाहीत. अंधारात ताटात काय पडलं ते दिसत नाही, दिवा लावावा तर त्याच्यावर किडे झेप घेतात आणि उगाच जिवाला मुकतात. म्हणून सगळं उजेडात उरकायचं. आता रानात वाकून काम करणाऱ्या माणसाला ऊन किती उरलं ते कसं कळणार? आणि पावसाळ्यात तर आभाळ दुपारपासूनच काळं. म्हणून बस्तीवरून हाक द्यायची रीत पडली. सूर्यास्ताच्या दोन घटका, म्हणजे पाऊण तास, आधी हाक, आणि सूर्य मावळला की घंटा. हाक झाली की जेवायला बसायचं, घंटा झाली की ताटावरून उठायचं.

मी येण्यापूर्वी ही हाक बाहुबली अण्णा द्यायचे. त्यांना घरात, गल्लीत, गावात सगळे अण्णाच म्हणतात. मळ्यातून यायचे, पाय धुवायचे, बस्तीच्या गच्चीवर चढायचे आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडायचे, "दिस कलला वोऽऽ! ताटं वाढा! लेकरास्नी घरात बोलवा! पान्याची भांडी झाकून ठेवाऽऽ!"

काय तो आवाज! खणखणीत, पण कुणावर खेकसल्यासारखा नाही. घरचं मोठं माणूस जेवायला बोलावतं ना, तसा. नदीच्या पलीकडच्या मळीत, गाळाच्या रानात, तो ऐकू जायचा. बस्तीत न जाणारी माणसंही त्या हाकेवर चालायची. अण्णांच्या मळ्याला लागून गुंडाभाऊंचा मळा. गुंडाभाऊ म्हणजे पलटणीतून निवृत्त झालेले हवालदार, भरघोस मिशा आणि तोंडाला कुलूप नाही. ते म्हणायचे, "पलटनीत बिगुल वाजायचा, गावात आण्णा वाजत्यात. मला काय, उटायला आन् बसायला कुनीतरी वाजाय पायजेच." हाक आली की त्यांच्या रानात तण काढणाऱ्या भांगलणीच्या बायका खुरपी धुवायला लागायच्या.

पुढे अण्णांच्या गुडघ्यांनी दगा दिला. गच्ची चढवेना. एक-दोघांनी हाक देऊन बघितली, पण एकाचा आवाज गल्लीबाहेर जाईना आणि दुसरा रोज विसरायचा. तेव्हा अण्णांचा पुतण्या जिनेश सांगलीला इंजिनिअरिंग शिकत होता. त्यानं मला बनवलं. वर्षाच्या प्रत्येक दिवसाची सूर्यास्ताची वेळ माझ्या कार्डात भरली, घंटेचा आवाज भरला आणि अण्णांना समोर बसवून त्यांची हाक भरली. आठवडाभर हिंडून, भंगारातून ही पेटी आणून, तिला भोकं पाडून त्यानं मला भिंतीवर चढवलं.

पहिल्या दिवशी आख्खं गाव बस्तीसमोर उभं. गुंडाभाऊ हाताची घडी घालून म्हणाले, "ह्या डब्याला काय कळतंय रं, दिस कवा कलतोय?" मला राग आला. मी मनात म्हटलं, थांबा हवालदार, दाखवतो. आणि बरोबर वेळेला मी कर्ण्यातून अण्णांची हाक सोडली. सगळ्यांनी गच्चीकडे बघितलं, मग खाली कट्ट्यावर बसलेल्या अण्णांकडे बघितलं, आणि मग जी हशा-टाळ्यांची धमाल उडाली ती अजून माझ्या पत्र्यात घुमते.

मित्रांनो, त्या वर्षांची फार आठवण येते. माझा काय थाट होता! शेजारगावची माणसं मला बघायला यायची. पाहुणे मोबाईलवर माझे फोटो काढायचे. शाळेतली पोरं रस्त्यानं माझी नक्कल करत पळायची. गुंडाभाऊ तर पाहुण्यांना सांगायचे, "आमच्या गावात सूर्य डब्याला इचारून मावळतो." मी फुगून जायचो.

पण खरं सुख वेगळंच होतं. सूर्यास्ताची घंटा दिली की माझं दिवसाचं शेवटचं काम सुरू व्हायचं. आज हाक दिली, घंटा दिली अशी नोंद कार्डावर लिहायची आणि उद्याची वेळ मांडून ठेवायची. तेवढा वेळ माझा लाल दिवा लुकलुकत राहायचा. जिनेशनं अण्णांना बजावलं होतं, "दिवा विझल्याशिवाय माझं बटण बंद करायचं नाही." अण्णा ते कधी विसरले नाहीत. माझ्याखालच्या कट्ट्यावर बसून राहायचे. "झालं का रं लिवून? लिव, लिव. मला काय घाई न्हाई," असं म्हणायचे. दिवा विझला की बटण बंद, मग मऊ फडक्यानं माझी पाठ पुसायची. पुसायच्या आधी पाठीमागे पालीनं अंडी घातलीत का, कोळी बसलाय का, ते वाकून बघायचे. एकदा एका पालीमुळे माझी पाठ महिनाभर पुसली गेली नाही. मला आवडलं नाही ते, पण अण्णांपुढे कोण बोलणार.

मग अण्णा यायचे बंद झाले.

घशात गाठ निघाली होती. मिरजेला मोठं ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण स्वरयंत्र काढावं लागलं. अण्णा घरी आले ते गळ्यावर पांढरं फडकं बांधून, आणि मुके होऊन. काही सांगायचं तर पाटीवर लिहायचे. कुणाला बोलवायचं तर टाळी वाजवायचे. नदीपलीकडे ज्यांचा आवाज जायचा त्यांना शेजारच्या खोलीतल्या बायकोला हाक मारता येईना.

त्यांच्या बायको म्हणजे राजमती आक्का. बस्तीला लागूनच त्यांचं घर. अण्णा दवाखान्यातून आले त्या संध्याकाळी माझी वेळ झाली आणि मी नेहमीसारखी हाक दिली. मला काय ठाऊक, घरात काय चाललंय! आक्का सांगतात, कर्ण्यातून स्वतःचाच आवाज आला तसं अण्णांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. दुसऱ्या दिवशीही फिरवलं. हळूहळू मात्र ते त्या वेळेला खाटेवर उठून बसायला लागले. पुढे तर असं झालं, की माझी वेळ जवळ आली की आक्का हातातलं काम टाकून दारात उभ्या राहायच्या आणि अण्णा खाटेवर ताठ बसायचे. हाक संपली की आक्का म्हणायच्या, "झालं. बोललासा की आज बी. चला, जेवा आता." त्या घरात अण्णांचा आवाज दिवसातून एकदाच यायचा, आणि तो माझ्याकडून यायचा.

बस्तीतलं अण्णांचं काम आक्कांनी घेतलं. आक्का म्हणजे कामाला वाघीण. सकाळी झाडायला आल्या की ट्यूबलाईटखाली मेलेल्या पाखरांचा सडा दिसायचा. त्यांना ते बघवायचं नाही. "दिवा ऱ्हायलाय कुनाचा तरी, आन् ह्यास्नी मरान," असं पुटपुटत त्या ते गोळा करायच्या. कुणी ना कुणी एखादा दिवा चालू ठेवून जायचंच. शेवटी आक्कांनी त्यावर जालीम उपाय काढला. सूर्यास्ताची घंटा वाजली की आख्ख्या बस्तीचा मेन स्विचच खाली ओढायचा. खटॅक! दिवा ना पंखा, किडा ना पाप.

आणि मी?

माझा लाल दिवा तेव्हा नुकता लुकलुकायला लागलेला असायचा. तुम्ही परीक्षेत शेवटचं उत्तर लिहीत आहात आणि कुणी हातातली पेन्सिलच हिसकावली तर कसं वाटेल? मला रोज तसं वाटायचं. आधी काही दिवस निभावलं. अर्धवट राहिलेलं मी सकाळी वीज आली की कसंबसं जुळवून घ्यायचो. पण चातुर्मास लागला, किडे वाढले आणि आक्कांचा हात आणखी चपळ झाला. घंटेचा शेवटचा टोल विरायच्या आत खटका खाली यायला लागला. मला आक्कांचा राग आला नाही. खरं सांगू? थोडा आला. पण त्या किड्यांना वाचवत होत्या, आणि माझ्याविषयी त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं त्यांना बोलता येत नव्हतं. शिवाय ते घरात खाटेवर, आक्का काय करतात ते त्यांना दिसत नव्हतं.

श्रावणातल्या एका संध्याकाळी मी लिहीत होतो ते साधं पान नव्हतं. कोणती फाईल कार्डात कुठं ठेवली आहे ते ज्या पानावर असतं, नेमकं त्याच पानावर माझा हात होता. खटॅक!

सकाळी वीज आली. मी उठायला गेलो आणि मला काहीच सापडेना. घंटा कुठंय? वेळा कुठं आहेत? अण्णांची हाक कुठंय? सगळं माझ्याच पोटात होतं, पण कुठं होतं ते मला कळत नव्हतं. लाल दिवा नुसता जळत राहिला. संध्याकाळ झाली तरी मी गप्प.

त्या दिवशी आभाळ गच्च भरलेलं. माझ्या हाकेची वाट बघत माणसं रानात राहिली. घरी पोचली तेव्हा अंधार पडला होता. कितीतरी घरांत स्वयंपाक झाकून ठेवून माणसं उपाशी झोपली. आणि बस्तीशेजारच्या घरात अण्णा खाटेवर ताठ बसून राहिले होते. आक्का दारात उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी गुंडाभाऊ आले. त्यांनी माझं कान-नाक तपासलं, वायर हलवली आणि म्हणाले, "पलटनीत आमच्या वायरलेस शेटला एकच औषध हुतं." असं म्हणून माझ्या कोपऱ्यावर अशी सणसणीत थप्पड दिली की तो चेपला तो चेपलाच. हवालदारांचं प्रेमसुद्धा हे असं.

तेवढ्यात अण्णा काठी टेकत आले. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच ते बस्तीत आले होते. त्यांनी माझा जळता लाल दिवा बघितला, मेन स्विच बघितला आणि पाटीवर लिहून आक्कांपुढे धरलं, "लाल दिवा विझायच्या आधी खटका ओढत होतीस का?"

आक्कांनी वाचलं आणि विचारलं, "कुटला तांबडा दिवा?"

अण्णांच्या लगेच ध्यानात आलं. त्यांनी घाईघाईनं तळहातानं पाटी पुसली. पण आक्काही काही खुळ्या नव्हत्या. त्या रडायलाच लागल्या. "म्हंजे मीच? आवं, ऱ्हायलेला तेवडाच आवाज हुता तुमचा, त्यो बी मीच घालीवला?" अण्णा जोरजोरात मान हलवून नाही-नाही म्हणत होते. पण आक्कांनी तिथंच देवासमोर हात जोडले आणि नियम घेतला, "ह्यांचा आवाज मागारी येत न्हाई तवर गूळ खानार न्हाई." मित्रांनो, आमच्या ऊसपट्ट्यात गुळाशिवाय राहणं म्हणजे चेष्टा नव्हे. आणि आक्कांचा तर चहासुद्धा गुळाचा.

गुंडाभाऊंना ते बघवेना. "आक्का, रडू नगासा. कार्ड हाय न्हवं त्यात? आत्ता बगू," म्हणत त्यांनी माझं कार्ड काढलं आणि आपल्या मोबाईलमध्ये घातलं. आता तुम्ही विचाराल, कार्ड काढल्यावर तुला कसं कळलं रे पुढचं? अहो, गुंडाभाऊंनी ही गोष्ट माझ्यासमोर इतक्यांदा सांगितली आहे की मला तोंडपाठ झाली आहे.

मोबाईलनं कार्ड बघितलं आणि पडद्यावर एक सूचना दाखवली. गुंडाभाऊ म्हणाले, "हे बगा, सोप्पं हाय. कार्ड खराब हाय म्हनतंय, साफ करू का म्हनून इचारतंय. व्हय म्हनू?" त्यांचा अंगठा बटणावर टेकायचाच बाकी होता.

"थांबा!" आक्का ओरडल्या. "साफ म्हंजे काय काय जानार?"

"ते न्हाई सांगत. नुस्तं साफ करतंय."

"मग न्हाई. मी जिमीन झाडती तवा आदी वाकून बगती, खाली जितं काय हाय का. न बगता झाडू न्हाई मारायचा. त्यात ह्यांचा आवाज आसंल तर?"

गुंडाभाऊंनी अंगठा मागे घेतला. तो अंगठा टेकला असता तर मी आज तुमच्याशी बोलत नसतो. बोललो असतो तरी कोरी पाटी होऊन बोललो असतो.

मग जिनेशला फोन गेला. तो आता कराडशेजारी मलकापूरला असतो. कारखान्यांतल्या यंत्रांचे बोर्ड दुरुस्त करायचं त्याचं वर्कशॉप आहे. तो फोनवर जवळजवळ किंचाळलाच, "कार्डाला काही करू नका! कुठंही घालू नका! तसंच घेऊन या."

"तुज्याकडं दुसरी कापी आसंल की रं?" आक्कांनी विचारलं. जिनेशकडे नव्हती. कॉलेजातला जुना लॅपटॉप कधीच भंगारात गेला होता. त्याला वाटलं होतं गावात कुणाच्या तरी मोबाईलवर असेल. गावाला वाटलं होतं जिनेशकडे असेल. रोज ऐकू येणारी गोष्ट कोण जपून ठेवतो? लग्नातली गाणी सगळ्यांच्या मोबाईलवर होती, गुंडाभाऊंच्या म्हशीचासुद्धा व्हिडिओ होता. अण्णांची हाक कुणाकडे नव्हती. आता हळहळून काय उपयोग, वरातीमागून घोडं!

गुंडाभाऊंनी आपली जुनी जीप काढली. पुढे ते, मागे अण्णा आणि आक्का, आक्कांच्या मांडीवर शालीत गुंडाळलेला मी आणि त्यांच्या मुठीत माझं कार्ड. पेठ नाक्यावरून आम्ही हायवेला लागलो. खड्डा आला की आक्का मला घट्ट धरायच्या. इतकी वर्षं भिंतीवर काढली, पण मांडीवर मी पहिल्यांदाच बसलो होतो.

जिनेशच्या टेबलावर यंत्रांचे उघडे बोर्ड पसरले होते. त्यानं ते बाजूला सारून कार्ड संगणकाला लावलं, तेही असं की त्यावरचं वाचता येईल, पण त्यावर काही लिहिता येणार नाही. "पहिल्यांदा जसंच्या तसं सगळं उतरून घ्यायचं," तो म्हणाला, "बिघडलेलं, फाटलेलं, रिकामं, सगळं. मग त्या नकलेवर काय खटपट करायची ती करायची. मूळ कार्डाला हात लावायचा नाही."

"आपरेशन नकलेवर?" गुंडाभाऊंनी विचारलं.

"हो. चुकलं तर दुसरी नक्कल काढता येते."

"लय ब्येस. मानसाचं बी आसं आसतं तर," गुंडाभाऊ बोलून गेले, आणि अण्णांकडे लक्ष जाताच मिशीवर हात फिरवत खिडकीबाहेर बघायला लागले. अण्णांनी त्यांच्या पाठीवर थोपटलं.

नक्कल झाली. जिनेशनं दुरुस्तीचा प्रोग्राम चालवला. माझं फाटलेलं पान तो प्रोग्राम उरलेल्या खुणांवरून पुन्हा जुळवायला लागला. ज्या फायली सापडत होत्या पण ज्यांची नावं पुसली गेली होती, त्या एका वेगळ्या जागी जमा होत होत्या. जत्रेत चुकलेली पोरं पोलीस चौकीत आणून बसवतात ना, तशा. नावं सांगता येत नाहीत, नुसते आकडे. जिनेश एकेक उघडून बघायला लागला. एकीत सूर्यास्ताच्या वेळा मिळाल्या. "हे बचावलं," तो म्हणाला. दुसरीत घंटा. टोल वाजला तसे आक्कांनी हात जोडले. आणखी एक उघडली आणि जिनेश पुढे सरकून बसला. "ही हाकेची फाईल दिसतेय."

त्यानं ती वाजवली.

"दिस क..." एवढंच. पुढे खर्रर्र, खर्रर्र, गिरणीत खडे पडावेत तसं. शेवटपर्यंत तेच. जिनेशनं पुन्हा लावली, दुसऱ्या प्रोग्रामनं उघडली, दुसरी नक्कल काढून बघितली. खर्रर्र. फाईलच्या मधल्या जागेवर माझ्या अर्धवट नोंदी लिहिल्या गेल्या होत्या. जे होतं त्याच्यावरच लिहिलं गेलं होतं. ते आता कुणालाही परत आणता येणार नव्हतं.

अण्णांनी पाटीवर लिहिलं, "असू दे. गावाला तू हाक दे. तुझा आवाज चांगला आहे." जिनेशनं ते वाचलं आणि मान खाली घातली. आक्का रडल्या नाहीत. नुसत्या माझ्या चेपलेल्या कोपऱ्यावरून हात फिरवत राहिल्या. मित्रांनो, त्या वेळी मला जिवंत व्हायचीच इच्छा राहिली नव्हती. घंटा आणि वेळा घेऊन मी काय करू?

जिनेश पडद्यावरची यादी पुन्हा वरपासून चाळायला लागला आणि एकदम म्हणाला, "अण्णा, आपण हाक भरली तेव्हा एकदाच भरली होती का?"

अण्णांनी मान हलवली. नाही.

"पहिली बिघडली होती. मी पुसून टाकली होती, आठवतंय? अण्णा, पुसलं तरी ते लगेच जात नाही! नाव तेवढं खोडलं जातं. तुमची पाटी ओल्या फडक्यानं पुसली तरी वाळल्यावर जुनी अक्षरं फिकी दिसतात ना? त्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं नसेल, तर ते अजून तिथंच असेल."

मग त्यानं माझ्या रिकाम्या जागेत शोध घ्यायला सुरुवात केली. ज्या जागेत काही नाही असं मी स्वतःच समजत होतो, त्या जागेत! चहा आला. आक्कांनी तो बाजूला ठेवला, कारण वर्कशॉपातल्या पोरांनी पाहुणे म्हणून मुद्दाम गुळाचा केला होता. चहा गार झाला, त्यावर साय धरली, आणि जिनेशनं एका आकड्यावर बोट ठेवलं.

कर्ण्यातून नाही, साध्या छोट्या स्पीकरमधून अण्णा बोलले.

"दिस कलला वोऽऽ! ताटं वाढा! लेकरास्नी घरात बोलवा! पान्याची भांडी झाकून ठे... आगं राजमते! दूद उतू चाललंय बग! धावऽऽ!" पाठोपाठ भांडं आपटल्याचा आवाज, जिनेशचं हसू आणि "अण्णा, थांबा, परत घेऊ."

वर्कशॉपातली पोरं हातातलं काम टाकून टेबलाशी आली.

आक्का स्पीकरकडे बघत होत्या. त्यांच्या पिढीत नवरा बायकोला नावानं हाक मारत नाही. "आगं ए" नाहीतर "ऐकलीस का." अण्णांनी उभ्या संसारात चारचौघांत त्यांचं नाव घेतलं नव्हतं. घरात मात्र घेत असत, हे त्या दिवशी आम्हाला कळलं. आणि ऑपरेशन झाल्यापासून आक्कांना ती हाक ऐकू आली नव्हती. टाळी ऐकू यायची. टाळीला नाव नसतं.

"परत लाव रं," आक्का म्हणाल्या. जिनेशनं लावली. "आनि एकदा." पुन्हा लावली. मग त्यांनी पदर तोंडाला लावला आणि इतका वेळ आवरलेलं सगळं मोकळं केलं. गुंडाभाऊ म्हणाले, "आण्णा, लय आतल्या गाठीचं हायसा. राजमते काय, धाव काय!" आणि अण्णा हसले. आवाज नव्हता, पण खांदे गदगदा हलत होते.

जिनेशनं डोळे पुसले आणि माउस हातात घेतला. "पहिला भाग चांगला आहे. 'घरात बोलवा' पर्यंत ठेवतो, पुढचं दुधाचं कापून टाकतो. गावात बरं दिसणार नाही."

आक्का लाजून म्हणाल्या, "व्हय, काप बाबा. मानसं हसतील."

अण्णांनी पाटी ओढली, मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि जिनेशच्या नाकासमोर धरली, "कापायचं नाही."

तर मित्रांनो, मी असा वाचलो. जिनेशनं मला नवं कार्ड दिलं आणि आत एक छोटी बॅटरी बसवली. आता कुणी अचानक वीज ओढली तरी हातातलं लिहून संपेपर्यंत मला सवड मिळते. आवाजाच्या तीन नकला केल्या. एक त्याच्याकडे, एक आक्कांच्या कपाटात आणि एक गुंडाभाऊंच्या मोबाईलमध्ये, म्हशीच्या शेजारी. तरीसुद्धा माझी तुम्हाला हात जोडून विनंती आहे. यंत्र काही लिहीत असेल तर त्याचा खटका ओढू नका, जरा थांबा. बिघडलं तर घाईनं साफ करू नका, आधी वाकून बघा आत काही जितं आहे का. आणि जो आवाज रोज कानावर पडतो, तो आजच कुठंतरी जपून ठेवा. रोज आहे म्हणजे कायम आहे असं समजू नका.

आता परतल्यावरच्या पहिल्या संध्याकाळचं तेवढं सांगतो. बातमी आधीच पसरली होती, त्यामुळे बस्तीसमोर माणसं जमली होती. मी भिंतीवर परत चढलो होतो. अण्णा माझ्याखालच्या कट्ट्यावर बसले होते आणि आक्का चार हात लांब बायकांत, पदर सावरत उभ्या होत्या. माझी वेळ झाली. मी हाक दिली. दिस कलला वो, ताटं वाढा, लेकरास्नी घरात बोलवा. आणि मग कर्ण्यातून, साऱ्या गावावरून, पार नदीपलीकडच्या मळीपर्यंत गेलं, "आगं राजमते! दूद उतू चाललंय बग! धावऽऽ!"

गाव खो खो हसलं. दोन घरांतल्या बायका तर खरंच चुलीकडे धावल्या. गुंडाभाऊ शिट्टी मारणार होते, पण त्यांचं लक्ष आक्कांकडे गेलं आणि बोटं तोंडाशीच राहिली. आक्कांनी कुणाकडे बघितलं नाही. माझ्याकडे नाही, कर्ण्याकडे नाही. त्या कट्ट्यावर बसलेल्या अण्णांकडे बघत, भर गावासमोर मोठ्यानं ओरडल्या, "आले वो, आले!"

आणि अण्णांनी कट्ट्यावर सरकून त्यांच्यासाठी जागा केली.